एगिल आणि मृत्यूचे मोल

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेचा राजा हाराल्ड सारा मुलूख आपल्या एकछत्री अंमलाखाली आणू लागला, तेव्हा ज्या मानी कुळांना त्याचे ताबेदार होऊन राहणे रुचले नाही, त्यांतील कित्येकांनी कुटुंबकबिला, गुरेढोरे आणि चीजवस्तू जहाजांवर चढवून आइसलँडची वाट धरली. 930 च्या सुमारास त्यांनी थिंगव्हेल्लिर येथे आल्थिंग ही महासभा स्थापन केली. तेथे कायदा होता, पंच होते, निवाडे होते. परंतु निवाड्याची अंमलबजावणी करणारा राजा, फौजदार किंवा शिबंदी यांपैकी काहीच नव्हते. म्हणून ज्याचा आप्त मारला जाई, त्याने मारेकऱ्याच्या कुळाचे रक्त सांडावे, त्याला देशोधडीला लावावे, अथवा ठरलेले रुपे भरपाईदाखल स्वीकारून वैर मिटवावे, अशी रूढी पडली. एगिल स्काल्लाग्रीमसोन या वायकिंगाची कथा या रूढीवाचून उलगडत नाही, असे माझे मत आहे.

ही कथा सांगणारा कुलवृत्तांत तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला गेला, आणि तो स्नोरी स्तुर्लुसोन या विख्यात पंडिताच्या लेखणीतून उतरला असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. एगिलचे घराणे ज्या बोर्ग येथे नांदले, तेथेच काही काळ स्नोरीचीही वस्ती होती. एगिलच्या नावावरील काव्यांपैकी काही खरोखर दहाव्या शतकातील असावीत. मात्र त्यांच्याभोवती गुंफलेल्या प्रसंगांत स्मृती किती आणि कल्पना किती हे आता निवडता येत नाही, आणि या कथेतील एगिल ही बहुतांशी तेराव्या शतकाची निर्मिती आहे असेच धरून चालणे उचित होय.

कथेतला एगिल सात वर्षांचा होण्यापूर्वीच, चेंडूच्या खेळात आपणास आपटणाऱ्या मुलाच्या मस्तकात कुऱ्हाड घालतो, आणि त्याची माता, हा मोठेपणी चांगला वायकिंग होईल, असे कौतुकाने म्हणते. पुढे तो आणि त्याचा ज्येष्ठ बंधू थोरोल्फ इंग्लंडचा राजा अथेल्स्टन याच्या चाकरीस राहतात. ज्या लढाईत थोरोल्फ पडतो ती 937 ची ब्रुनानबुर्हची लढाई असावी, असे बहुतेक इतिहासकार धरतात. बंधूला मूठमाती देऊन एगिल दरबारात येतो आणि मांडीवर तलवार ठेवून, ती अर्धी उपसत व पुन्हा म्यानात लोटत, एक भुवई गालापर्यंत उतरवून व दुसरी केसांपर्यंत चढवून निःशब्द बसून राहतो. अखेर राजा आपल्या तलवारीच्या टोकावर सुवर्णवलय अडकवून ते अग्निकुंडावरून पुढे करतो. एगिल ते आपल्याच तलवारीच्या टोकाने उचलून घेतो, आणि मग कोठे त्याच्या भुवया जागेवर येतात. थोरोल्फच्या मृत्यूची भरपाई म्हणून पित्याला पोचती करण्यासाठी राजा रुप्याच्या दोन पेट्याही देतो. त्या पेट्या एगिल पित्याला कधीच देत नाही.

पुढची कित्येक वर्षे नॉर्वेचा राजा ‘रक्तपरशू’ एरिक व त्याची राणी गुन्हिल्ड यांच्याशी चाललेल्या वैरात जातात. एगिल त्यांच्या पुत्राला ठार मारतो, आणि काठीवर घोड्याचे मुंडके रोवून त्यांना शाप देतो; परंतु गलबत फुटून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागल्यावर त्याला, आता यॉर्क येथे राज्य करणाऱ्या, त्याच एरिकसमोर उभे राहावे लागते. तेव्हा मित्र अरिनब्यॉर्न याच्या सल्ल्याने तो एका रात्रीत वीस कडव्यांचे स्तुतिकाव्य रचतो आणि त्याच्या मोबदल्यात आपले मस्तक सोडवून नेतो. येथवर त्याच्यात काही पालट झाला असे मला वाटत नाही. शस्त्रासारखेच शब्दही तो हुन्नराने चालवतो, एवढेच.

खरा पालट घडतो तो घरी, वार्धक्याच्या उंबरठ्यावर. त्याचा लाडका पुत्र बोद्वार इमारती लाकूड आणताना बोर्गच्या खाडीत बुडतो. एगिल त्याचे शव आपल्या पित्याच्या समाधीत ठेवतो, आणि अन्नपाणी वर्ज्य करून, मरण्याच्या निश्चयाने, शेजघराचे दार आतून बंद करून घेतो. तेव्हा सासरहून आलेली त्याची कन्या थोरगेर्द, मीही तुमच्याबरोबरच जाते, असे सांगून आत शिरते. समुद्रशेवाळ चघळल्याने मरण लवकर येते अशी बतावणी करून ती पित्यास तहान लावते आणि पाण्याच्या मिषाने दूध पाजते. मग ती विनवते की, आपण बोद्वारसाठी शोकगीत रचावे, मी ते काठीवर कोरून ठेवीन.

त्या गीतात वृद्ध योद्धा जे मांडतो, ते आल्थिंगपुढील फिर्यादीहून वेगळे नाही. समुद्र हा मारेकरी आहे. परंतु त्याच्यावर शस्त्र चालत नाही, त्याच्या कुळाकडून रुपे वसूल होत नाही, आणि एकाकी म्हाताऱ्याच्या पाठीशी माणसेही नाहीत. रक्त आणि रुपे हे आयुष्यभर वापरलेले दोन्ही मार्ग खुंटल्यावर तो आपल्याच दैवताला, ओदिनला, जाब विचारतो, आणि शेवटी कबूल करतो की पुत्र हिरावून घेणाऱ्या या देवाने काव्याची देणगी दिली आहे, आणि तीच आपली भरपाई होय. ज्याने बंधूच्या मृत्यूचे मोल सुवर्णवलयात मोजून घेतले, त्याने पुत्राच्या मृत्यूचे मोल शब्दांत स्वीकारावे, हे अंतर फार मोठे आहे. गीत पुरे होताच एगिल उठतो आणि आपल्या उच्चासनावर जाऊन बसतो.

ख्रिस्ती धर्म स्वीकारून आइसलँडला दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यानंतर लिहिणाऱ्या लेखकाला एगिल येथून पुढे पश्चात्तापदग्ध दाखविणे सहज साधले असते, आणि त्या काळच्या श्रोत्यांनाही ते रुचले असते. त्याने ते केले नाही, यात मला त्याची थोरवी दिसते. ऐंशी उलटलेला, अंध एगिल मोस्फेल येथे पुतणीच्या आश्रयाने राहतो आणि चुलीजवळ ऊब शोधताना दासींची बोलणी खातो. अथेल्स्टनचे रुपे आल्थिंगच्या गर्दीत उधळून लोकांना एकमेकांच्या अंगावर तुटून पडलेले ऐकावे, ही त्याची इच्छा घरचे लोक पुरी होऊ देत नाहीत. तेव्हा एका सायंकाळी तो दोन गुलामांना बरोबर घेऊन त्या पेट्या घोड्यावर लादून नेतो, आणि सकाळी एकटाच चाचपडत परततो. पेट्या लपविल्या आणि गुलामांना ठार केले, असे तो स्वतःच सांगतो. त्या दोघांची नावे कथेत येत नाहीत, आणि त्यांच्या वतीने भरपाई मागण्यास कोणी पुढे आल्याचीही नोंद नाही.