कालवे कोणी खणले?

१८७७च्या सप्टेंबरात मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. मिलानच्या ब्रेरा वेधशाळेतून जिओव्हान्नी स्कियापारेल्ली त्याचा नकाशा काढत होते. लालसर भूभागावरून गेलेल्या काही बारीक, काळपट रेघा त्यांना दिसल्या आणि त्यांनी त्यांना ‘कनाली’ असे नाव दिले. इटालियनमध्ये हा शब्द नैसर्गिक प्रवाहालाही चालतो आणि खणलेल्या कालव्यालाही. इंग्रजीत जाताना त्यातला दुसराच अर्थ उरला. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. मराठीतही ओहोळ आपोआप वाहतो, कालवा मात्र कोणीतरी खणावा लागतो. एक शब्द बदलला आणि मंगळावर खणणारे हजर झाले.

या खणणाऱ्यांची सविस्तर कहाणी रचली ती बॉस्टनच्या पर्सिव्हल लोवेल यांनी. १८९४ साली त्यांनी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वखर्चाने वेधशाळा उभारली. मंगळ आटत चालला आहे, तिथले शहाणे रहिवासी ध्रुवांवरच्या वितळत्या बर्फाचे पाणी विषुववृत्ताकडे नेत आहेत आणि आपल्याला दिसते ती कालव्याकाठची हिरवळ, असे त्यांचे प्रतिपादन होते. मरणाऱ्या ग्रहावर सगळी जमात एकोप्याने पाणी वाटून घेते, हे चित्र कोणालाही भुरळ घालील असेच होते. शिवाय लोवेल लबाड नव्हते. त्यांना जे दिसले ते त्यांनी काढले. म्हणूनच त्यांना उत्तर देणे अवघड होते.

ते उत्तर ज्यांनी दिले, त्यांची पद्धत पाहण्याजोगी आहे. त्याच १८९४ साली कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत विल्यम कॅम्बेल मंगळाचा वर्णपट तपासत होते. पाण्याची वाफ प्रकाशातले ठराविक रंग शोषून घेते आणि त्या जागी काळ्या रेषा उमटतात. मंगळाच्या वर्णपटात अशा रेषा आहेत, असे आधीच्या काही नामवंतांनी सांगितले होते. पण मंगळाचा प्रकाश दुर्बिणीत शिरण्याआधी आपल्याच हवेतून येतो आणि तिच्यातही वाफ असतेच. कॅम्बेल यांनी तेच यंत्र चंद्राकडे वळवले; मंगळ आकाशात जितक्या उंचीवर असताना पाहिला, चंद्रही तितक्याच उंचीवर असताना पाहिला. चंद्रावर नाव घेण्यासारखी हवा नाही. दोन्ही वर्णपट सारखेच निघाले. म्हणजे दिसत होती ती आपलीच वाफ. मंगळावर वाफ मुळीच नाही, असे मात्र ते म्हणाले नाहीत. असलीच तर या यंत्राला कळणार नाही इतकी थोडी आहे, एवढेच म्हणाले. लोवेल यांच्या वेधशाळेने पुढे वाफ सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा १९०९ साली कॅम्बेल सुमारे ४,४०० मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीवर चढले. तिथल्या विरळ, कोरड्या हवेतूनही मंगळ आणि चंद्र यांच्यात फरक आढळला नाही.

दुसरी तुलना ग्रिनिचच्या एका शाळेत झाली. खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड मॉन्डर आणि त्यांचे सहकारी इव्हान्स यांनी मुलांना वेगवेगळ्या अंतरांवर बसवले आणि समोरचे चित्र हुबेहूब उतरवायला सांगितले. चित्र मंगळासारखे होते. त्यात ठिपके आणि छटा होत्या, पण कालवे काढलेले नव्हते. तरीही मधल्या अंतरावरच्या कित्येक मुलांनी सरळ रेघा काढल्या. सुटे ठिपके नीट दिसेनासे होऊ लागले, की डोळा ते जोडून टाकतो. १९०३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. लोवेल यांनी ‘लहान मुलांचा सिद्धांत’ म्हणून त्याची खिल्ली उडवली.

कालवे मागे पडले, तरी हिरवळ टिकून राहिली. १९५०च्या दशकात विल्यम सिंटन यांना मंगळाच्या अवरक्त प्रकाशात वनस्पतींची वाटावी अशी खूण सापडली. आधीपेक्षा मोठ्या, पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतूनही ती दिसली. १९६५ साली उलगडा झाला: त्यातल्या ठळक खुणा पृथ्वीच्याच वातावरणातल्या जड पाण्याच्या वाफेच्या होत्या. ज्या निबंधात हे सिद्ध झाले, त्याच्या तीन लेखकांपैकी एक स्वतः सिंटन होते. त्याच वर्षी जुलैत मरिनर-४ यान मंगळाजवळून गेले आणि छायाचित्रांत विवरे दिसली.

आता अशा बातम्या दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवरून येतात. एप्रिल २०२५मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाविषयी निष्कर्ष मांडला. तिथल्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्याशी मिळतेजुळते दुसरे संयुग असावे, असे जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींवरून त्यांना वाटले. पृथ्वीवर हे संयुग मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होते. अशी खूण निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने हजारात तीन होती. शोध पक्का मानायला ती दहा लाखांत एकाहूनही कमी असावी लागते. आणखी निरीक्षणे हवीत, असे त्यांनीच सांगितले होते. बातम्यांच्या मथळ्यांत मात्र ‘असावे’चे ‘आहे’ झाले. मग इतर गटांनी त्याच नोंदी वेगळ्या रीतीने तपासल्या, तेव्हा ती खूण ठामपणे उभी राहिली नाही. शिवाय हेच संयुग एका धूमकेतूच्या वायूतही आढळले आहे आणि तिथे समुद्र नाही. कॅम्बेल यांना चंद्राने जे सांगितले, तेच इथे धूमकेतू सांगतो.

यातल्या कोणाही शंकेखोराने परग्रहावर जीवसृष्टी अशक्य आहे, असे सिद्ध केले नाही; तो त्यांचा हेतूही नव्हता. जीव नसता तर हेच दृश्य कसे दिसले असते, एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी डोंगर चढण्याची तयारी ठेवली. उद्या कुठे खरोखर जीव सापडला, तर त्या बातमीवर विश्वास ठेवायला आपल्याला याच प्रश्नाचा आधार लागणार आहे. दर दोन वर्षांनी ‘सापडले, सापडले’ ऐकून कान किटलेला समाज खऱ्या बातमीकडेही पाठ फिरवील, आणि मंगळावरच्या कालव्यांपेक्षा ते नुकसान फार मोठे असेल.