‘जुन्या खाणीचा’ पाचू

आमच्या घरातील जुन्या खातेवहीच्या शेवटच्या पानांवर आजोबांच्या हातची दागिन्यांची यादी आहे. यादी मोडी लिपीत असून तीत ‘पाचूची कंठी १, मणी ५, मिसरी, जुन्या खाणीचे’ अशी नोंद आढळते. आजी ही कंठी पाडव्याला व घरच्या लग्नकार्यात तेवढी घालीत असे. मणी ओबडधोबड, कोणतेच दोन सारखे नाहीत, आरपार भोक पाडून सोन्याच्या तारेत ओवलेले. आम्हा मुलांना त्यांत फारसे सौंदर्य दिसत नसे. परंतु ‘मिसरी’ हा शब्द उच्चारताना आजीचा स्वर बदलत असे, हे मला स्पष्ट आठवते.

आजीच्या पश्चात दागिन्यांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा थोरल्या आत्यांनी या कंठीपायी आपल्या वाट्याच्या चार पाटल्या सोडल्या. सोन्याच्या वजनाचा हिशेब मांडला तर तो व्यवहार तोट्याचा होता. पण मिसरचा पाचू पुन्हा मिळायचा नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढे पुष्कळ वर्षांनी, नातीच्या लग्नाच्या निमित्ताने त्यांनी मणी प्रयोगशाळेत तपासून घेतले. अहवाल आला : पाचू अस्सल, उगम दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया. आत्यांनी मला दूरध्वनी केला आणि एकच प्रश्न विचारला, “म्हणजे आपल्याला फसवले का रे?”

मी कापडाचा व्यापारी. रत्नपरीक्षा हा माझा प्रांत नव्हे. परंतु आत्यांच्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मला देता येईना, आणि त्या निमित्ताने जे वाचन घडले त्यातील काही भाग येथे सादर करीत आहे.

पाचू हे वैदूर्यवर्गातील, म्हणजे ज्याला आज बेरिल म्हणतात त्या खनिजातील, हिरवे रत्न होय. क्रोमियम किंवा व्हॅनेडियम या धातूंच्या अत्यल्प अंशामुळे त्याला तो रंग येतो. संस्कृतात त्याला मरकत म्हणतात, तसेच गारुत्मत असेही म्हणतात. बलासुराचे पित्त घेऊन जाणाऱ्या वासुकीवर गरुडाने झडप घातली, ते पित्त जेथे सांडले तेथे पाचू निर्माण झाला, अशी पुराणकथा या दुसऱ्या नावामागे आहे. आमच्या बाजारात ‘पन्ना’ हा शब्द अधिक चालतो.

प्राचीन काळी पाचूची प्रसिद्ध खाण मिसर देशातच होती, यात शंका नाही. तांबड्या समुद्राजवळच्या वाळवंटात वादी सिकैत नावाच्या परिसरात ग्रीक-रोमन काळातील खाणींचे अवशेष आजही आहेत. रोमन स्त्रियांना या रत्नाचे वेड होते. प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो की, सम्राट कॅलिग्युलाची पत्नी लोलिया पॉलिना एका साध्या वाङ्निश्चयाच्या भोजनाला मस्तकापासून बोटांपर्यंत पाचू व मोती लेवून आली होती. त्यांची किंमत चार कोटी सेस्टर्स, आणि कोणी शंका घेतलीच तर हिशेबाचे कागद दाखवण्याचीही बाईंची तयारी होती! व्यापाऱ्याच्या दृष्टीने मला ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. मात्र मिसरच्या खाणीतील पाचू बहुधा लहान, फिकट व गढूळ असत. मोठा, गडद आणि स्वच्छ मणी तेथे विरळाच. आमच्या कंठीविषयी पहिला संशय येथेच यायला हवा होता.

भारतात पाचूची ओळख कोलंबियाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून होती. या बाबतीत आपल्या समाजाने अभिमानाने स्मरावे असे एक नाव म्हणजे ठक्कुर फेरू. हे जैन गृहस्थ दिल्लीला अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारी सेवेत होते. सुलतानाच्या खजिन्यातील रत्ने प्रत्यक्ष पाहून त्यांनी इ. स. १३१५ मध्ये ‘रयणपरिक्खा’ हा ग्रंथ प्राकृतात रचला, तोही आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी. त्यात मरकताचाही विचार आहे. मला विशेष वाटते ते असे की, शास्त्र पाठ होते म्हणून ते थांबले नाहीत. खजिना डोळ्यांनी पाहिला आणि मग लिहिले. नाहटा घराण्यातील अगरचंदजी व भंवरलालजी या विद्वानांच्या प्रयत्नांमुळे विसाव्या शतकात फेरूंचे ग्रंथ पुन्हा उजेडात आले.

आता खरी कथा. इ. स. १५३७ मध्ये स्पॅनिश सैन्य आजच्या कोलंबियाच्या पठारावर पोहोचले. तेथील मुइस्का लोक सोमोंदोको (हल्लीचे चिवोर) येथील डोंगरातून पाचू काढीत व देवकार्यात वापरीत. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात मुसो लोकांचा दीर्घ प्रतिकार मोडून त्यांच्या प्रदेशातील खाणीही स्पेनने ताब्यात घेतल्या. जगात तोवर कोणी पाहिला नव्हता असा गडद, जिवंत हिरवा रंग तेथे निघाला. त्याचे मोल कोणी दिले हेही सांगितले पाहिजे. खाणीच्या राबणुकीने आणि नव्या रोगांनी मुसो लोकांची वस्ती काही पिढ्यांत पार ओसरली, आणि ती भरून काढण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. राजाचा हिस्सा पाचवा. पाच मण्यांमागे एक मणी राजाचा, असे मी मनाशी म्हणालो, आणि आजीच्या कंठीकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या दिवशी बदलली. अहिंसेचे व्रत सांभाळणाऱ्या घरात ही वस्तू तीन पिढ्या पूजेच्या पाटाजवळच्या पेटीत होती, आणि यातले काहीही आम्हांला ठाऊक नव्हते.

युरोपात पाचूला गिऱ्हाईक होते, परंतु मोठी मागणी होती ती तुर्कस्तान, इराण आणि विशेषतः मोगल दरबाराकडून. त्यामुळे माल कोलंबियाहून सेव्हिल, तेथून लिस्बन आणि आशा अंतरीपास वळसा घालून गोवा, असा प्रवास करू लागला. काही माल प्रशांत महासागर ओलांडून फिलिपाईन्समार्गेही येई. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोवा ही पाचूची मोठी उतारपेठ होती. जाक द कूत्र नावाचा ब्रुगेसचा रत्नव्यापारी गोव्यात राहून विजापूर, गोवळकोंडा, आग्रा अशा फेऱ्या करीत असे. इकडून हिरे जात, तिकडून पाचू येत. मोगल दरबाराला जवाहीर पुरवणाऱ्यांत अहमदाबादचे शांतिदास झवेरी यांचे नाव सर्वश्रुत आहे.

येथल्या कारागिरांची रीत युरोपाहून निराळी होती. युरोपीय कारागीर दगड कापून पैलू पाडी, त्यात वजन गेले तरी चालत असे. आपला कारागीर मात्र निसर्गाने दिलेला षट्कोनी आकार शक्य तेवढा राखून कडा गुळगुळीत करी, भोक पाडी आणि ओवी. म्हणूनच जुन्या भारतीय कंठ्यांतील मणी ओबडधोबड दिसतात. तो अडाणीपणा नव्हे. वजन आणि रंग न गमावण्याचा तो जाणता निर्णय होता. मोठ्या पाटीवर फुले अथवा अक्षरे कोरीत. हिजरी ११०७ (इ. स. १६९५-९६) हा सन कोरलेला २१७.८० कॅरटचा एक पाचू २००१ साली लंडनला लिलावात पंधरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

या साऱ्या प्रवासाचे एक उत्तम उदाहरण आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ३७४ हिरे व १५ पाचू असलेला हा हार ‘स्पॅनिश इन्क्विझिशन नेकलेस’ या नावाने प्रसिद्ध आहे. मधला पाचू सुमारे ४५ कॅरटचा, म्हणजे ९ ग्रॅमचा, आपल्या हिशेबाने पाऊण तोळ्याहून किंचित अधिक. आकार पिंपासारखा व षट्कोनी. पाचू कोलंबियाचे, पण ते आणि हारातील मोठे हिरे सतराव्या शतकात भारतात घडवलेले आहेत, असे संग्रहालय सांगते. आणि हाराचे पहिले ज्ञात मालक कोण? इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर, तिसरे. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली, तेव्हा हार पुत्र यशवंतरावांकडे आला. पुढे न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेतला. १९५५ मध्ये पिट्सबर्गच्या कोरा हबर्ड विल्यम्स या बाईंना तो विकला गेला आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वये १९७२ साली संग्रहालयाकडे आला.

गंमत अशी की, स्पेनच्या धर्मन्यायालयाशी या हाराचा काही संबंध होता असे दाखवणारा एकही कागद नाही. नाव भारदस्त, गिऱ्हाइकाच्या मनात भरणारे, एवढेच. कोलंबियाचा मजूर, भारतीय कारागीर आणि होळकरांची गादी, यांपैकी कशाचाच मागमूस त्या नावात नाही. उलट ज्या धर्मन्यायालयाचा पाचूच्या व्यापाराशी खरोखर संबंध आला, ते आपल्या शेजारी गोव्यात होते. १५६० साली ते स्थापन झाले. रत्नांच्या व्यापारातील कित्येक पोर्तुगीज हे पूर्वाश्रमीचे ज्यू, म्हणजे ‘नवे ख्रिस्ती’ होते, आणि धर्मन्यायालयाचा रोख त्यांच्यावर होता. हे नाव द्यायचेच तर त्या व्यापाऱ्यांच्या पेट्यांना शोभले असते.

तर मग ‘मिसरी’ आणि ‘जुन्या खाणीचा’ हे शब्द आले कोठून? अमेरिकेतून माल येऊ लागल्यावर बाजारात दोन भाव पडले. पूर्वेकडील पाचू तो जुना व श्रेष्ठ, अमेरिकेचा तो नवा व हलका. झाले असे की, उत्तम रंगाचा दगड दिसला की त्याला पूर्वेकडचा म्हणायचे, आणि सामान्य दिसला की अमेरिकेचा. झां-बातिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने हिंदुस्थानच्या अनेक फेऱ्या केल्या होत्या. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने स्पष्ट लिहिले आहे की, गडद पाचूला पौर्वात्य म्हणण्यात जवाहिरे चूक करतात. पूर्वेत पाचूची खाण आपल्याला कोठेही आढळली नाही. त्याचे कोणी ऐकले नाही. शब्द पुढे अडीचशे-तीनशे वर्षे चालत राहिला आणि आजोबांच्या खातेवहीत येऊन बसला.

ताव्हेर्नियेचे म्हणणे बहुतांशी खरे ठरले ते २००० साली. फ्रेंच शास्त्रज्ञांनी पाचूतील प्राणवायूच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून त्याची खाण ओळखण्याची रीत ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. तपासलेल्या दगडांत हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातील म्हणून ओळखले जाणारे ‘जुन्या खाणीचे’ पाचूही होते. त्यांतील काही चक्क कोलंबियाचे निघाले. मात्र सगळे नव्हेत. अफगाणिस्तानातील पंजशीर खोऱ्याचाही माग त्यांत लागला. तसेच रोमन काळातील एका कर्णभूषणातील पाचू आजच्या पाकिस्तानातील स्वात खोऱ्याचा ठरला. म्हणजे पूर्वेत खाणीच नव्हत्या, हे ताव्हेर्नियेचे मतही पूर्ण खरे नव्हते. निजामाचे १७३ अलंकार भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना घेतले आणि २००१ साली दिल्लीला त्यांचे प्रदर्शन भरले. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात असल्याने आपल्याकडील जुन्या घरांतून हैदराबादच्या चारकमान बाजाराच्या आठवणी अजून निघतात, आणि ‘जुनी खाण’ हा शब्दही तिकडूनच आला असावा, असा माझा तर्क आहे.

या व्यवहाराला फसवणूक म्हणायचे का? मी चाळीस वर्षे पैठणी विकली. त्यांतील बहुतेक येवल्याच्या मागांवरच्या. त्यांना पैठणी म्हणताना मला कधी संकोच वाटला नाही, कारण गिऱ्हाइकालाही ते माहीत असते आणि विणकाम तेच असते. पण यंत्रमागावरचे कापड हातमागाचे म्हणून खपवणारेही मी पाहिले आहेत. गावाचे नाव गुणाचे नाव होऊन बसते, तिथवर ठीक. विकणारा जाणून असतो आणि घेणारा नसतो, तेथे लबाडी सुरू होते. आजोबांना ज्याने ती कंठी दिली त्यालाही बहुधा माहीत नसावे. त्याच्या बापानेही ‘मिसरी’ म्हणूनच घेतली असेल.

जाता जाता एक व्यवहाराची सूचना. पाचूत बारीक चिरा असतातच आणि त्या झाकण्यासाठी त्यात तेल मुरवण्याची प्रथा फार जुनी आहे. त्यामुळे पाचूचे दागिने गरम पाण्यात, सोड्यात वा ध्वनिलहरींच्या यंत्रात कधीही धुऊ नयेत. आमच्या कंठीतील एक मणी अशा धुण्याने एका रात्रीत निस्तेज झाला. धुणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

तपासणीच्या वेळी तेथील तरुण मुलीने आत्यांना सूक्ष्मदर्शकातून मणी दाखवला होता. त्यात एक इवलीशी पोकळी, पोकळीत खारे पाणी, पाण्यात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा चौकोनी कण. कोलंबियाच्या पाचूची ही ओळख मानली जाते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे ते पाणी अजून तसेच आहे, असे मुलीने सांगितले. मी जे वाचले ते सगळे आत्यांना जाऊन सांगितले, मुसो लोकांचेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पाटल्या गेल्याचे मला दुःख नाही. पण नातीला कंठी देताना हे सगळे तिला सांगून दे. मिसरी म्हणून देऊ नकोस.”

त्याप्रमाणे सांगून दिली. खातेवहीतील आजोबांची नोंद मी खोडली नाही. तिच्या शेजारी देवनागरीत ‘मुक्काम कोलंबिया, मार्गे गोवा’ एवढे लिहून खाली तारीख घातली आहे. गोव्याबद्दल माझ्यापाशी पुरावा नाही, म्हणून त्या दोन शब्दांपुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे.