डोळ्यांवर उपरणं, दाताखाली हळकुंड

साल 1952, चैत्र. खंडाळा तालुक्यातल्या लोणंद स्टेशनावर तुम्ही मीटरगेजच्या डब्यात चढता. इथं रुंद रूळ यायला 1971 उजाडणार आहे, हे गाडीत फक्त तुम्हालाच ठाऊक. इंजिनातले कोळशाचे कण डोळ्यांत जातात. वाठार, कोरेगाव, कराड मागं पडतात. मिरजेहून सांगली, आणि तिथून चिंचांच्या सावलीतून चालत हरिपूर.

इथं कृष्णेला वारणा भेटते. इथल्या घट्ट, कोरड्या मातीच्या पोटात हळदीची पेवं आहेत. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखा फुगलेला, दोन-तीन पुरुष खोल खड्डा. आतून पाचट लावायचं, शिजवून वाळवलेली हळकुंडं ओतायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. मग चांगला भाव येईपर्यंत, कधी कधी काही वर्षं, त्या अंधाराला कुणी हात लावत नाही.

आज तीन वर्षांनी एक पेव उघडलंय. तुम्ही वाकून बघायला जाता, तोच एक म्हातारा हमाल तुमचा दंड धरतो.

"पावणं, मागं सरा. आदी आतली हवा जाऊ द्या."

मग दोरीला बांधलेला पेटता कंदील आत सोडतात. थोडा खाली जातो आणि विझतो. वाट बघायची. बऱ्याच वेळानं पुन्हा सोडतात. या खेपेला ज्योत तळापर्यंत टिकते, तेव्हा कुठं माणूस उतरतो. प्राणवायू संपलेल्या याच हवेनं किडीला जगू दिलं नाही. आणि अंधारानं रंग राखला, कारण हळदीला पिवळेपण देणारं कुर्क्युमिन उजेडात फिकं पडतं.

आता परीक्षा. एकाच शिवारातली, एकाच साली काढलेली राजापुरी हळद दोन जागी ठेवली होती: थोडी या पेवात, थोडी पेठेतल्या वखारीत. कुठली कोणती, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. म्हातारा आपलं उपरणं तुमच्या डोळ्यांवर बांधतो.

"डोळं रंगाला भुलत्यात. हातानं मोडा, कानानं ऐका."

पहिलं हळकुंड मोडताना आवाज दबका येतो. वासात पोत्याचा ताग आणि थोडी धूळ. दाताखाली आधी कडवट, मग नुसती माती. दुसरं कडकन मोडतं. वास नाकात वर चढतो: आलं, कापूर, पहिल्या पावसाची जमीन. कडूपणा सावकाश येतो आणि गेल्यावरही जिभेवर ऊब ठेवून जातो.

तुमच्या काळात दोन जुन्या व्हिस्की अशाच नावं झाकून चाखतात, ते तुम्हाला आठवतं. स्कॉटलंडात ओकच्या पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के दारू हवेत उडून जाते. पिंप श्वास घेतं, लाकूड दारूत उतरतं, म्हणून ती मुरते. पेव मात्र श्वास रोखून धरतं. पिंपात काळ काही घालतो; पेवात त्यानं काही नेऊ नये म्हणून पहारा असतो.

"दुसरं पेवातलं," तुम्ही म्हणता.

उपरणं सुटतं. म्हातारा दोन्ही हळकुंडं उगाळून तुमच्या तळहातावर लावतो, वर चिमूटभर ओला चुना. दोन्ही लाल होतात. पहिलं विटकरी, दुसरं कुंकवासारखं गडद.

"वळखलंत," एवढंच बोलून तो पुन्हा कामाला लागतो.

त्याला सांगावंसं वाटतं, की 2005च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांत शिरेल, आतली हळद कुजेल. पुढं पेवं भरणारे हात कमी होतील, माल गोदामांत आणि शीतगृहांत जाईल. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळेल, हेही सांगावंसं वाटतं. पण तो खाली वाकून रिकाम्या पेवातलं जुनं पाचट काढायला लावतोय. यंदाची हळद यायची आहे.

लोणंदला उतरता तेव्हा मोडलेलं अर्धं हळकुंड तुमच्या खिशात असतं आणि तळहात अजून लाल असतो. घरी जाऊन डब्यातली हळद डोळे मिटून हुंगा. तेवढ्यानंही कळेल, हरिपुरात दर साली एक पेव तरी का भरलं जायला हवं: डोळे बांधलेल्या माणसाला फरक ओळखता यावा, एवढं तरी शिल्लक राहावं म्हणून.