बाटिक नेमकं कोणाचं? मलय घरातल्या एका कापडाची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी आजचा भाग लेखी स्वरूपात.

२ ऑक्टोबर म्हटलं की आपल्याला गांधी जयंती आठवते. इंडोनेशियात मात्र तो बाटिक दिवस असतो. २००९ साली याच तारखेला युनेस्कोनं इंडोनेशियाच्या बाटिकला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. शेजारच्या मलेशियालाही आपल्या बाटिकचा अभिमान आहे. त्यामुळे 'बाटिक मूळचं कोणाचं?' हा वाद दोन देशांमध्ये अधूनमधून पेटतो आणि सोशल मीडियावर चांगलाच रंगतो.

आज त्या वादाचा निकाल लावायचा नाहीये. प्रश्न थोडा वेगळा आहे. एखादं कापड एखाद्या समाजाचं होतं, ते कशामुळे? त्यांनी शोधलं म्हणून, त्यांनी बनवलं म्हणून, की रोज अंगावर घेतलं म्हणून?

आधी तंत्र समजून घेऊ. बाटिक म्हणजे मेणानं अडवलेला रंग. कापडावर वितळलेल्या मेणानं नक्षी काढायची आणि कापड रंगात बुडवायचं. मेण आहे तिथे रंग शिरत नाही. मग गरम पाण्यात उकळून मेण काढलं की नक्षी मोकळी होते. फोटो एडिट करताना तुम्ही मास्क लावता ना, अगदी तेच लॉजिक. दुसरा रंग हवा असेल तर पुन्हा मेण, पुन्हा रंग. म्हणजे प्रत्येक रंगामागे एक पूर्ण फेरी.

या कलेनं कळस गाठला तो जावा बेटावर. तिथे बायका 'चांतिंग' नावाच्या छोट्या तांब्याच्या तोटीनं मेणाची रेघ ओढायच्या. एका कापडाला महिने लागायचे. १९व्या शतकाच्या मध्यावर तांब्याचे ठसे आले आणि काम प्रचंड वेगानं होऊ लागलं. या ठशाला तिकडे 'चाप' म्हणतात. ओळखीचा वाटला ना शब्द? आपल्या 'छाप'चाच तो भाऊ. व्यापाऱ्यांच्या जहाजांतून कापडाबरोबर शब्दही गेले.

आता मलय द्वीपकल्पाकडे, म्हणजे आजच्या मलेशियाच्या मुख्य भूमीकडे येऊ. इथल्या मलय बायका बाटिक नेसत होत्या, पण ते बरंचसं जावाहून यायचं. इथे मोठ्या प्रमाणावर बनायला लागलं ते पूर्व किनाऱ्यावरच्या केलांतान आणि तेरेंगानू या दोन राज्यांत. सुरुवातीला लाकडी ठशांनी नुसता रंग छापत, मेण नव्हतंच. मग १९२० आणि ३०च्या दशकांत मेण आणि धातूचे ठसे आले. थोडक्यात, नेसण्याची सवय आधी, कारखाना नंतर.

मलय घरात हे कापड कसं वापरतात ते बघा. साधारण दोन मीटर लांब कापड, टोकं शिवून नळीसारखं केलेलं, हे झालं सारोंग. न शिवलेलं असेल तर 'काइन बातिक लेपास', म्हणजे मोकळं बाटिक. सारोंगवर एक वेगळ्या नक्षीचा उभा पट्टा असतो. त्याला 'केपाला', म्हणजे डोकं म्हणतात. हा शब्द संस्कृत 'कपाल'वरून गेला, म्हणजे आपल्या 'कपाळा'चा नातेवाईक. उरलेला भाग 'बादान', म्हणजे अंग. केपालावर बऱ्याचदा त्रिकोणांची रांग असते, तिला बांबूच्या कोंबावरून 'पुचुक रेबुंग' म्हणतात. बाकी कापडभर फुलं, पानं, वेली. मलय समाज मुस्लिम असल्यामुळे माणसांची आणि प्राण्यांची चित्रं सहसा टाळतात.

सारोंग नेसायचा म्हणजे नळीत शिरायचं, जास्तीचं कापड घडी घालून एका बाजूला आणायचं आणि कमरेला खोचायचं. ना बटण, ना नाडी. वजन कमी-जास्त झालं तरी कापड तेच. बायका घरात टी-शर्टखाली हाच नेसतात. विहिरीवर किंवा नदीवर आंघोळ करताना तोच छातीवर बांधतात. बाळ झालं की सारोंग टांगून त्याचा पाळणा करतात, आपल्याकडे जुन्या साडीची झोळी बांधतात तसाच. आणि घरात कुणी गेलं, तर दफनाआधी देह झाकायला काइन बातिक लेपासच काढतात. जन्मापासून मरणापर्यंत सोबत करणारं कापड आपलं की परकं, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडत नसणार.

पुरुषांचं काय? त्यांचा घरातला आणि मशिदीत जातानाचा सारोंग बहुतेकदा चौकटीचा असतो, 'काइन पेलिकात'. हे नाव आलं आपल्या पुलिकतवरून. शाळेत भूगोलात पुलिकत सरोवर पाठ केलं होतं ना, त्याच तमिळ किनाऱ्यावरच्या बंदरातून हे कापड जायचं. म्हणजे मलय घरातल्या दोरीवर वाळत घातलेले दोन सारोंग बघितले, तर एकाची वाट जावाकडे जाते आणि दुसऱ्याची भारताकडे. दोन्ही बाहेरून आले, दोन्ही घरचे झाले.

घरातलं हे कापड पुढे ऑफिसात पोचलं. १९६०च्या दशकापासून मलेशियात हातानं रंगवलेलं बाटिक वाढलं. यात मेणाची फक्त बाह्यरेषा काढतात आणि आतला रंग ब्रशनं भरतात. त्यामुळे पुन्हा पुन्हा रंगात बुडवायची गरज नाही आणि एकाच फुलात चार छटा आणता येतात. या कापडाचे शर्ट समारंभात चालू लागले. २००८ पासून मलेशियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी गुरुवार हा बाटिकचा वार ठरला. त्याआधी १९६८ मध्ये मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्ससाठी पिएर बालमँ या फ्रेंच डिझायनरनं बाटिकचा सारोंग-केबाया बनवला होता. सिंगापूर एअरलाइन्सच्या एअर होस्टेस आजही तोच घालतात.

मग अडचण कुठे आहे? अडचण किमतीत आहे. आज घरात रोज नेसायचे सारोंग बहुतेक स्क्रीन प्रिंटचे असतात. नक्षी बाटिकची, पण मेणाचा थेंबही नाही. हातानं बनवलेल्या सारोंगच्या मानानं ते फारच स्वस्त पडतात. त्यांना बाटिक म्हणायचं की नाही, यावरही तिकडे वाद आहेत. आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं. प्रिंट नसते, तर साध्या घरातून सारोंग कदाचित गेलाच असता आणि गाऊन आला असता. पण प्रिंटमुळेच केलांतानच्या ठसे मारणाऱ्या कारागिराचं रोजचं गिऱ्हाईक गेलं. त्याच्याकडे उरला तो गुरुवारचा शर्ट, पर्यटक आणि लग्नसमारंभ.

म्हणून मला वाटतं, 'बाटिक कोणाचं' या भांडणात आपण चुकीच्या माणसाला विचारतोय. मूळ जावाचं, यात फारशी शंका नाही. पण मलय बाईनं ते पाळण्याला बांधलं तेव्हाच ते तिचंही झालं, त्यासाठी तिला कुठल्या यादीची गरज नव्हती. यादीत नाव आल्यानं कापडाला मान मिळतो. कारागिराची चूल पेटते ती कुणीतरी दुसरा सारोंग घ्यायला परत आलं, तर.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्याकडेही 'बाटिक प्रिंट'चे कुर्ते भरपूर मिळतात. पुढच्या वेळी घेताना कापड उलटं करून बघा. मेणाच्या बाटिकमध्ये रंग आरपार जातो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. छापलेल्या कापडाची मागची बाजू बहुतेकदा फिकी असते. मेणाला तडे जाऊन आत रंग शिरला असेल, तर बारीक केसासारख्या रेषाही दिसतील. प्रिंट घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असू द्या.

तुमच्या घरात असं बाहेरून येऊन घरचं झालेलं कोणतं कापड आहे? कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!