मेनू कुणी हलवायचा?

वापरणाऱ्याला ओळखून त्याला वाट दाखवणारे सॉफ्टवेअर फसले, की यंत्राची समज तोकडी पडली असे सांगितले जाते. इतिहास पाहिला तर हे कारण अपुरे ठरते. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मानववंशशास्त्रज्ञ ल्युसी सचमन यांनी माणसांच्या जोड्यांना एका झेरॉक्स यंत्रापुढे उभे केले आणि त्यांचे चित्रीकरण केले. यंत्राला सूचना देणारी मदत-प्रणाली जोडलेली होती. माणसे आपसांत बोलत, घुटमळत, पुन्हा वाचत; यंत्राला मात्र कळे ते एवढेच, की कोणते बटण दाबले, कोणते झाकण उघडले. तेवढ्यावरून ते माणसांचा बेत गृहीत धरी आणि पुढची सूचना देई. बेत वेगळा असला तरी सूचना तितकीच ठाम असे. सचमन यांचे पुस्तक १९८७ मध्ये आले. यंत्राने काय गृहीत धरले आहे हे समोरच्याला दिसतच नव्हते, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा.

मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लुमिएर प्रकल्प हाती घेतला. माणसाला आत्ता कशाची गरज असेल, हे संभाव्यतेच्या गणिताने ओळखायचे आणि त्याचे कौशल्यही लक्षात ठेवायचे, अशी ती कल्पना होती. त्यातून ऑफिस ९७ मध्ये कागदाच्या क्लिपेचे रूप घेतलेला मदतनीस आला. पण कौशल्य लक्षात ठेवणारा भाग मागेच राहिला, आणि नवख्याला व मुरलेल्याला एकच विचारणा होऊ लागली. इथे समज कमी पडली, हे मान्य करायलाच हवे. ऑफिस २००० च्या मेनूंबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. नेहमी लागणाऱ्या आज्ञा आधी दाखवायच्या आणि बाकीच्या दडवायच्या, हे त्यातले मोजमाप बरेचदा बरोबरच असे. तरीही लोक गोंधळले, कारण हाताला सवय झालेली जागा त्यांना न विचारता बदलत होती. ऑफिस २००७ च्या वर्ड आणि एक्सेलमध्ये जागा न बदलणारी आज्ञांची पट्टी, म्हणजे रिबन, आली, तेव्हा हे मेनू गेले.

नवख्याला काय निवडायचे हेच ठाऊक नसते, मग निर्णय त्याच्यावर सोडणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे का, हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर आयबीएममधील जॉन कॅरोल यांच्या १९८४ च्या प्रयोगात सापडते. शिकाऊ माणसांना दिलेल्या वर्ड प्रोसेसरमध्ये अवघड आज्ञा बंद होत्या, पण मेनूत त्यांची नावे जागच्या जागी होती. निवडल्यास ही सोय सध्या उपलब्ध नाही, असा स्पष्ट संदेश येई. पूर्ण आवृत्ती वापरणाऱ्यांपेक्षा ही माणसे लवकर कामाला लागली. यंत्राने वाट अरुंद केली, पण ती कुठे अरुंद केली हे सांगून.

आजची यंत्रे माणसाला कितीतरी अधिक ओळखतात, म्हणून जुने अनुभव गैरलागू झाले, असेही म्हटले जाईल. पण अंदाज सुधारला तरी तो अंदाजच राहतो. मधेच हस्तक्षेप करून होणारे नुकसान आणि गप्प राहून होणारे नुकसान यांची तुलना यंत्राने केली पाहिजे, असे खुद्द हॉर्विट्झ यांनीच १९९९ मध्ये मांडले होते. पुढे २००२ मध्ये जोआना मॅकग्रेनेर यांच्या अभ्यासात वर्ड २००० वापरणाऱ्यांना स्वतःच्या हाताने मेनू छाटण्याची सोय देण्यात आली. बहुसंख्यांनी आपोआप बदलणाऱ्या मेनूऐवजी तीच पसंत केली.