भाडेपट्ट्याची जमीन आणि आपली सदनिका

कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, ते यथार्थच आहे. 1901 सालापासून राजर्षी शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या ज्ञातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला, आणि त्या छायेत शिकलेली कित्येक मुले पुढे नोकरीनिमित्त मुंबईस गेली. प्रथम चाळीतील खोली व मग दोन पिढ्यांच्या काटकसरीतून घेतलेली सदनिका, असा त्यांच्या संसाराचा क्रम दिसतो. ही मंडळी गावी आली म्हणजे ‘आता स्वतःचे घर झाले’ असे समाधानाने सांगतात. परंतु त्या घराखालची जमीन कोणाची, असे विचारले तर पुष्कळांस उत्तर देता येत नाही. येथे कोल्हापुरात सिटी सर्व्हेचा उतारा पाहिल्यावाचून आपण घराचा विसार देत नाही. मुंबईत मात्र हीच सावध माणसे तिसऱ्या मजल्याची उंची पाहून तळ विसरतात! म्हणून या विषयाचा पूर्वेतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

1896 साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला. दाटीच्या वस्तीत माणसे पटापट मरू लागली, शहर ओस पडले. तेव्हा सरकारने 1898 साली कायदा करून ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापिला. या ट्रस्टने गलिच्छ वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, आणि दादर, माटुंगा, शीव या भागांत नव्या वसाहतींची आखणी केली. मात्र तेथील भूखंड ट्रस्टने सर्रास विकून टाकले नाहीत. ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले, कोठे 99 वर्षांच्या तर कोठे 999 वर्षांच्या. (हजारास एक वर्ष कमी का ठेविले, हे कायदेपंडितच जाणोत.) वार्षिक भुईभाडे घ्यावे, बांधकामावर अटी घालाव्यात आणि मालकी आपल्याकडेच राखावी, असा हा व्यवहार होता. 1933 साली ट्रस्ट मुंबई महानगरपालिकेत विलीन झाला व त्या जमिनींची मालकी पालिकेकडे आली. सरकारनेही आपल्या जमिनी अशाच पट्ट्याने दिलेल्या आहेत. पट्टा करणाऱ्यास नव्व्याण्णव वर्षे म्हणजे अनंतकाळ वाटला असेल. पण 1920 च्या सुमाराचे तसे पट्टे आपल्या डोळ्यांदेखत संपत आले.

ज्ञातींनी एकत्र येऊन घरे बांधण्याची कल्पनाही त्याच काळातील होय. 1915 साली सारस्वत बंधूंनी गावदेवी येथे सहकारी गृहसंस्था काढली; ती मुंबईतील आद्य समजली जाते. पुढे सदनिका विकत घेण्याची चाल पडली आणि 1963 साली महाराष्ट्रात त्याविषयी स्वतंत्र कायदा झाला. बांधणाऱ्याने जमिनीचा हक्क गृहसंस्थेच्या नावे करून द्यावा, असे त्यात बंधन आहे. पण ज्याच्याजवळ पट्टाच आहे, तो पट्ट्याहून अधिक काय देणार? उरलेली मुदत तेवढी संस्थेच्या पदरी पडते.

मुदत संपली की काय होते, ते 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिले आहे. काळ सरताच पट्टा आपोआप संपतो आणि जमिनीचा ताबा मालकास परत देणे पट्टेदारावर येते. त्यानंतरही मालक भाडे घेत राहिला, तर पट्टा एरवी राहत्या घरापुरता महिन्या-महिन्याचा समजला जातो. मुदतवाढीचा हक्क मूळ दस्तात लिहिला असेल तरच मागता येतो, आणि वर्षाहून अधिक मुदतीचा नवा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो. पुष्कळांची अशी समजूत असते की घरपट्टी भरीत गेलो म्हणजे सारे ठीक चालले आहे. घरपट्टीच्या पावतीने जमिनीवर हक्क उत्पन्न होत नाही.

पैशाची बाजूही लहान नाही. जुने भुईभाडे नाममात्र असे. 2012 सालच्या शासन निर्णयाने सरकारी जमिनींच्या नूतनीकरणाचे भाडे रेडी रेकनरच्या दराशी जोडले गेले व ते शेकडो पटींनी वाढले. वांद्र्याच्या काही गृहसंस्था त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या. 2025 साली न्यायालयाने हे धोरण मूलतः उचलून धरले; दर पाच वर्षांनी भाडे पुन्हा वाढविण्याची तरतूद मात्र मान्य केली नाही. दुसरा मार्ग 8 मार्च 2019 च्या नियमांनी खुला झाला. अधिमूल्य भरून सरकारी पट्ट्याची जमीन भोगवटादार वर्ग 1 म्हणून करून घेता येते. ज्या संस्थेस ते परवडते तिने नूतनीकरणाच्या फेऱ्यात पडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पालिका, सिडको व औद्योगिक महामंडळ यांचे नियम वेगळे आहेत. सिडकोचे पट्टे मुळात 60 वर्षांचे. आपल्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांचे भूखंड 95 वर्षांचे.

इंग्लंडात, जेथून ही पद्धत आपल्याकडे आली, तेथे 1993 च्या कायद्याने सदनिकाधारकास स्वतः 90 वर्षांची वाढ मागण्याचा हक्क मिळाला, आणि 2024 च्या कायद्यात ती 990 वर्षांची करण्याची तरतूद आहे. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. येथे पट्टा सहसा संस्थेच्या नावे असतो, सबब एकट्या सभासदाच्या अर्जाने काम होत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. आणि सभेस तर निम्मे सभासद येत नाहीत! मुंबईतील बांधवांनी आपल्या संस्थेच्या कपाटातून मूळ पट्टा काढवून त्यातील आरंभाची तारीख, मुदत, नूतनीकरणाचे कलम व हस्तांतराच्या परवानगीची अट एवढ्या चार गोष्टी यंदाच्या सभेपूर्वी उतरून घ्याव्यात.