हृदयरोग आणि पायाची नाडी

हृदयरोग हा केवळ छातींतला रोग, अशी समजूत फार दिवस रूढ होती. वस्तुस्थिति निराळी आहे. हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत जो मेदाचा थर सांचतो, तोच मांडीच्या व पोटरीच्या रोहिण्यांतही सांचतो. रोग एक, स्थानें दोन.

या ज्ञानाचा आरंभ एका घोड्यापासून झाला. दौडतांना लंगडणारा घोडा विसांवा मिळतांच नीट चालूं लागतो, असें १८३१ सालीं बूले या फ्रेंच पशुवैद्यानें पाहिलें. त्याच्या मागील पायाच्या रोहिण्या तुंबलेल्या निघाल्या. १८५८ सालीं शार्को यांनीं हेंच लक्षण मनुष्यांत वर्णिलें. पुढें १९५० सालीं अमेरिकेंत विन्सर यांनीं घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहिला, आणि १९६९ सालीं लंडनमध्यें याओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ध्वनिलहरींच्या साह्यानें ती रीत सुलभ केली. घोट्याच्या दाबास दंडाच्या दाबानें भागावें, भागाकार ०.९० किंवा त्याहून कमी आल्यास पायाची रोहिणी अरुंद झाली असें समजावें. मधुमेह्याच्या कठीण झालेल्या रोहिण्यांत मात्र हा आंकडा फसवितो.

वर्धा जिल्ह्यास या विषयाचें अगत्य विशेष आहे. सेवाग्राम येथें १९४५ सालीं डॉ. सुशीला नय्यर यांच्या प्रयत्नानें कस्तुरबा रुग्णालय निघालें. गांधीजन्मशताब्दीच्या, म्हणजे १९६९ च्याच वर्षीं, तेथें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. कपाशीच्या या मुलखांत शेतकऱ्याचें पोट त्याच्या पायांवर चालतें. बिडी व खर्रा यांचें व्यसनही येथें आहे, आणि तंबाखू तर रोहिणीचा वैरीच. तरीही पोटरींतील कळ वाताची म्हणून तेल चोळण्यांत दिवस जातात.

हृदयरोग्याची अडचण आणखी खोल आहे. पाय दुखूं लागण्यापूर्वींच छाती दुखून तो थांबतो. म्हणून पायाचा रोग मुकाट वाढतो, आणि बोट काळें पडल्यावर ध्यानांत येतो. निरोगी माणसांची सरसकट चाचणी करावी काय, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु ज्याचें हृदय आधींच रोगग्रस्त आहे, तो निरोगी नव्हे. दोन्ही ठिकाणीं रोग असलेल्यास मृत्यूचा धोका अधिक. वेळीं ओळख पटली तर तंबाखू सोडणें, योग्य औषध व वैद्याच्या सल्ल्यानें नेमानें चालणें, यांनीं पुष्कळ साधतें.

चाचणीस लागतो तो दाबाचा पट्टा, लहानसें यंत्र आणि थोडा वेळ. तेंही नसेल तेथें हृदयरोग्याच्या पायांतील वहाणा उतरवून दोन्ही पावलांच्या नाड्या चांचपून पाहाव्यात. नाडी लागली म्हणजे सर्व निर्धास्त असें नव्हे. पण न लागल्यास पुढील तपासणी टाळूं नये.